बहुमताने आठ इंच

गाडी किती उंच करायची यावर आम्ही मतदान घेतलं होतं. हसू नका. आमच्या मंडळात तेव्हा सगळंच मतदानाने व्हायचं: जयंतीच्या मिरवणुकीची वाट, पत्रकाचा मथळा, विहाराच्या दाराचा रंग. तसंच जीपच्या कमानपाट्यांखाली केवढे ठोकळे घालायचे हेही हात वर करून ठरलं. मिस्त्री म्हणाला होता, गाडी एकूण चार इंच उचला. सभेने ठराव केला आठ इंचांचा. मिस्त्रीला मत नव्हतं, कारण तो मंडळाचा सभासद नव्हता.

तो ठराव मी मांडला होता. म्हणून हे मीच लिहायला पाहिजे.

आमची वस्ती मिरजगावच्या अंगाला, डांबरी सडकेपासून आत, ओढ्याच्या एका काठावर. गाव दुसऱ्या काठावर. शाळा, रेशन, दवाखान्याची वाट, एसटीचा थांबा, सगळं गावाच्या काठाला. आमच्या काठाला आम्ही. असं कुणी ठरवून केलं का म्हणून विचारलं तर गावातली माणसं अगदी भोळ्या चेहऱ्याने सांगतात, पूर्वीपासूनच हाय. 'पूर्वीपासून' या शब्दाइतका हरामखोर शब्द मी सरकारी कागदातसुद्धा पाहिलेला नाही.

ओढा म्हटलं की शहरातल्या माणसाला वाटतं, उडी मारली की झालं. वर्षातले आठ-नऊ महिने तो तसाच असतो. धोंडे, वेड्या बाभळी, वाळू उपसलेले खड्डे. पण आमच्याकडचा खरा पाऊस उत्तरा-हस्तात येतो. वरच्या अंगाला दोन तास कोसळला की सकाळी कोरडा असलेला ओढा दुपारी कमरेला लागतो. माझी चुलती त्याच काठावर गेली. पोटात कळा येत होत्या, आम्ही तिला बाजेवर घालून आणलं आणि पाणी उतरायची वाट बघत बाज खाली ठेवली. पाणी संध्याकाळी उतरलं. चुलती दुपारीच गेली होती. त्या दिवशी पाणी जिथपर्यंत आलं होतं तिथे एका मोठ्या धोंड्यावर गाळाची रेघ उठली, ती पुढे दोन-तीन वर्षं दिसत होती.

मी तेव्हा कॉलेज अर्धवट सोडून पत्रकं लिहायला लागलो होतो. 'हा ओढा नाही, ही हद्द आहे!' हे माझं. उद्गारचिन्हं मी मूठमूठ पेरायचो. आम्ही पुलाची मागणी केली, अर्ज दिले, कचेरीसमोर बसलो, उठवले गेलो, पुन्हा बसलो. उत्तर यायचं की आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात आला आहे. कुठे पाठवला ते कधीच कळायचं नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, नगर-सोलापूर रस्त्यावर मालट्रक चालवायचा. त्याला पत्रकांचं फारसं कौतुक नव्हतं. तो एका सभेत उठून एवढंच म्हणाला, की पूल होईल तेव्हा होईल, तोवर ओढ्यातून निघेल अशी गाडी घेऊ. वहिनीला दिवस गेले होते, लग्नानंतर सहा वर्षांनी. हस्ताच्या पावसातच दिवस भरणार होते. हे तो सभेत बोलला नाही. बोलायची गरज नव्हती, सगळ्यांना ठाऊक होतं. वस्तीने आणि मुंबईला कामाला असलेल्या वस्तीतल्या माणसांनी मिळून पैसे उभे केले.

उन्हाळ्यात मी आणि दादा नगरला गेलो. मिलिटरीच्या लिलावातून सुटलेल्या गाड्या विकणारा एकजण शहराबाहेर पत्र्याच्या कुंपणात बसायचा. तिथे आमच्या पैशात बसतील अशा दोन जीपा होत्या. एक नुकती हिरवी रंगवलेली, बॉनेटवर ऊन पडलं की डोळे दिपायचे. दुसरीचा रंग उडालेला, एक दिवा गोल आणि एक चपटा, सीटमधला काथ्या बाहेर. मी हिरवीपाशी जाऊन उभा राहिलो. मला तिच्यावर कर्णा दिसत होता, निळा झेंडा दिसत होता. दादा शर्ट काढून तिच्याखाली उताणा शिरला. बराच वेळ आतून नुसती ठकठक ऐकू येत होती. मग त्याने आत बसून चारही चाकांना ओढ देणारा छोटा दांडा टाकून बघितला. दांडा हलला, पण पुढची चाकं ढिम्म राहिली.

"थोबाड धुतलेलं हाय नुसतं. आत काय न्हाई," तो म्हणाला. "तुला गाडी पायजे का स्टेज?"

उडालेल्या रंगाची घेतली. तिच्यात आधीच्या कुणीतरी डिझेल इंजिन बसवलं होतं, चेसी सरळ होती, आणि विकणाऱ्याला न सांगता दादाने तिची मागची चाकं खड्ड्यात उतरवून बघितली तेव्हा पुढच्या चाकांनी तिला ओढून वर काढलं. गाडी निवडायची ती एवढी एकच रीत मी शिकलो. ती गाडीपुरतीच वापरली, माणसांना लावायला हवी होती.

गाडी होती तशी ओढ्यात चालली नसती. तिच्या पोटाला धोंडे लागले असते. म्हणून नगरमध्येच एका कमानपाट्याच्या मिस्त्रीकडे गेलो. गाडीच्या चाकांवर जे वाकड्या लोखंडी पट्ट्यांचे थर असतात, ज्यांवर सगळा भार झेलला जातो, त्यांचं काम करणारा हा माणूस. भट्टीपुढे आयुष्य गेलेलं, दोन्ही हातांवर भाजल्याचे पांढरे डाग. त्याने आल्या आल्या तीन गोष्टी विचारल्या. पाणी किती असतं, धोंडा केवढा असतो आणि आत बसणार किती जण. मग फरशीवर खडूने गाडी काढली आणि सांगितलं, टायर सहा-सोळाचे आहेत ते काढून साडेसात-सोळाचे टाका, दोन इंच तिथेच मिळतात. वरचे दोन इंच मी पाट्यात देतो. चार झाले. बस.

दादाने विचारलं, आणखी केली तर.

"करता येते. कुतुबमिनार पण करता येते," मिस्त्री म्हणाला. "गाडी वर उचलली तर इंजिन वर जातं, चाकं जातात का? चाकं खालीच. मग इंजिनाची ओढ चाकांना देणारा मधला दांडा तिरका होतो. तिरका फिरला की त्याचा जॉइंट खातो. खातो, खातो, एक दिवस तुटतो. आणि कधी तुटतो, लीडर? घरासमोर नाही तुटत."

लीडर म्हणजे मी. माझ्या खांद्याला शबनम होती, त्यावरून त्याने ओळखलं असावं.

परत येऊन सभा घेतली. विहारात माणूस मावत नव्हता. आधी हिशोबाचं बोलणं झालं. कुणीतरी ओढ्यातल्या धोंड्यावरची ती गाळाची रेघ काठीने मोजून आलं होतं. चार इंचांनी गाडीची फळी त्या रेघेच्या खाली राहत होती, आठ इंचांनी वर. हे खोटं नव्हतं. आमच्याकडे बोलायला खरं कारण होतं, हे मी आवर्जून सांगतो, कारण नुसत्या मस्तीत माणूस एवढा चुकत नाही.

पण मस्तीही होतीच. गावातल्या बागाईतदाराकडे जीप होती. ती सडकेवरून गेली की आमची म्हातारी माणसं आपोआप कडेला सरकायची, त्यातलेच एक आजोबा मागून म्हणाले, त्याच्या जीपीपक्षा आपली खाली नको बाबा. सगळे हसले, आणि मी उठलो. मी म्हणालो की आपण पिढ्यान् पिढ्या मान वर करून बोललो, आता एकदा वरून खाली बघू. टाळ्या पडल्या. दादा म्हणाला, मिस्त्री चार म्हनतो. त्यावर मी म्हणालो, मिस्त्री तंत्र सांगतो, निर्णय लोक घेतात. पुन्हा टाळ्या. वाक्य आजही मला वाईट वाटत नाही. फक्त लोखंडाला ते ऐकू येत नाही.

दादाचा हात सोडून सगळे हात वर गेले. ठराव मी माझ्या अक्षरात लिहिला.

मिस्त्रीला ठराव सांगितला तेव्हा तो रागावला नाही. मीटिंगला मला बोलवायचं होतं, म्हणाला, चहा तरी पिलो असतो. मग चार दिवस काम केलं, आणि कामात चोरी केली नाही. पाट्यांखाली लोखंडी ठोकळे, लांब बोल्ट, पाटे वाढवलेले. ब्रेकचे पाइप ताणायला लागले म्हणून लांब घातले. मोठी चाकं वळताना मडगार्डला घासत होती म्हणून मडगार्ड छिन्नीने कापलं. सायलेन्सरचं तोंड वर छपरापर्यंत नेलं. गाडी बाहेर काढताना त्याने माझ्याकडे न बघता दादाला सांगितलं, की जॉइंटला दर आठवड्याला ग्रीस, टकटक आवाज आला की त्याच दिवशी इकडे ये, आणि पाण्यात अडकलीस तर जोर देऊ नको. झटका बसला की गेला.

वस्तीत गाडी आली तेव्हा वहिनी दारात उभी होती. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, मोठ्या टायरवर हात ठेवून वर बघितलं. "गाडी हाय का माळवद?" ती म्हणाली. "शिडी कुठंय?"

खरंच चढता येत नव्हतं. बाईमाणूस तर राहोच, मलाही मडगार्डला धरून अंग वर ओढावं लागायचं. दादाने बाभळीच्या फळ्यांचं एक स्टूल केलं आणि ते आमच्या काठावर विहारापाशी ठेवलं. स्टुलावर पाय, मग पायरीवर, मग आत.

दोन-तीन महिने बरे गेले. गुडघाभर पाणी असलं तरी गाडी धोंड्यांवरून डुलत डुलत निघायची. एका म्हाताऱ्याला तापात नेलं, एका पोराचा मोडलेला हात नेला. डुलायची मात्र फार. काठ चढताना वाटायचं आता कलंडते. दादा दात आवळून चालवायचा.

मग पोळ्याच्या सुमाराला पत्र आलं. आमच्या अर्जांचं काहीतरी झालं होतं. पुलाच्या जागेची पाहणी करायला बांधकामाचे साहेब येणार होते.

त्या दिवशी ओढ्याला मांडीच्या खाली, पण चांगलं ओढीचं पाणी होतं. मी आणि दादा जीप घेऊन गावाच्या काठावर थांबलो. पांढरी सरकारी गाडी आली, साहेब उतरले, मागून फाईल धरलेला कारकून. साहेबांनी पाण्याकडे पाहिलं, आपल्या गाडीच्या चाकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे पलीकडे वाहन जात नाही. ठीक आहे, इथूनच तसं लिहून घेतो." आणि कारकुनाकडे हात केला.

दोन वर्षं आम्ही याच वाक्यासाठी उन्हात बसलो होतो. ते वाक्य साहेबांच्या तोंडातून बाहेर पडलं होतं, कागदावर उतरायला एक मिनिट लागलं असतं. आणि मी म्हणालो, "जातं की, साहेब."

का म्हणालो हे नंतर मला अनेकांनी विचारलं. वस्तीत आजवर एकही अधिकारी आला नव्हता. काठावर उभं राहून हात दाखवायचा आणि परत जायचं. यानेही तसंच करावं हे मला सहन होईना. त्याने आमची घरं बघावीत, चुलतीची बाज जिथे ठेवली ती जागा बघावी, असं वाटलं. हे अर्धं. उरलेलं अर्धं म्हणजे त्याची गाडी अडली होती आणि आमची जाणार होती.

स्टूल पलीकडे होतं, म्हणून मी साहेबांना हाताचा आधार देऊन वर घेतलं. पाण्यात गाडी डुलली तेव्हा त्यांनी छपराची लोखंडी नळी घट्ट धरली, मग हसायला लागले. "अरे वा, हा तर रणगाडाच," म्हणाले. बूट कोरडे ठेवून ते वस्तीत उतरले. विहारात बसले, चहा घेतला, घरं बघितली, माझं बोलणं मान हलवत ऐकलं. वहिनीने पोट सावरत चहा आणून दिला. जाताना साहेब दादाला म्हणाले, गाडी चांगली केलीत हो.

ते गेल्यावर वहिनी कपबशा गोळा करत होती. "त्याला पान्यातनं चालवत आनायचा हुता," ती म्हणाली. "बूट भिजले असते म्हंजे ध्यानात ऱ्हायलं असतं."

"वयनी, तुमाला न्हाई कळायचं ह्यातलं," मी म्हणालो.

ती कपबशा घेऊन गेली.

अहवालाची नक्कल तीन आठवड्यांत हातात आली. एवढं चपळ काम मी त्या कचेरीत पहिल्यांदाच पाहिलं. मजकूर असा होता, की पाहणीच्या दिवशी ओढ्यास पाणी असतानाही वाहनाने पलीकडे जाता आले, वस्तीस वाहनाची सोय आहे, सबब पुलाचे काम तातडीचे दिसत नाही.

मी पेटलो. त्याच दिवशी पत्रक लिहिलं आणि कर्णा बांधून जीप बाहेर काढली. मिरजगावचा बाजार, कर्जतचा बाजार, आसपासची गावं, जिथे चार माणसं भेटतील तिथे. जीप उंच असल्यामुळे माझा आवाज लांब जायचा. दादा मालट्रकवर असला की वस्तीतला दुसरा कुणी चालवायचा. ज्या गाडीवर बसून साहेब गेले तीच गाडी मी साहेबांच्या विरोधात फिरवत होतो, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. दादा एकदाच म्हणाला, "आपल्याच टायरवर बसून गेला ना तो? मग वरडतो कुनाव?"

तिसऱ्या की चौथ्या बाजाराच्या दिवशी गाडीखालून टकटक ऐकू यायला लागली. दादाने ऐकली आणि म्हणाला, नगरला न्यायला पाहिजे. मी म्हणालो, एवढा एक बाजार होऊ दे. तो त्याच दिवशी घेऊन गेला असता. पण मी मंडळाचा सचिव होतो आणि गाडी मंडळाची होती. बाजार झाला. त्यानंतर पाऊस लागला आणि नगरचं राहिलं.

वहिनीला सकाळी कळा सुरू झाल्या, सांगितलेल्या दिवसाच्या आठवडाभर आधी. रात्रभर पाऊस होता, उजाडताना थांबला होता. ओढा भरला होता, पण त्या धोंड्यावरच्या जुन्या रेघेच्या थोडा खाली होता. गाडीने ओलांडावं एवढंच पाणी. वस्तीतली म्हातारी सुईण म्हणाली, पोर आडवं वाटतंय, हितं नको, दवाखान्यात न्या. दादाने पंख्याचा पट्टा उतरवला, म्हणजे पंख्याने पाणी उडून इंजिन बंद पडणार नाही. वहिनी स्टुलावरून चढली. मी आणि सुईण तिला धरून मागे बसलो. स्टूल काठावरच राहिलं. ते नेहमीच तिथे राहायचं, बरोबर घ्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

निम्म्यात पुढचं चाक धोंड्यावर चढलं आणि गाडी एका अंगाला झुकली. वहिनीने माझा खांदा धरला. दादा थांबला. मागे घेऊन बघितलं, मग पुढे. मला त्याची मान दिसत होती. मागे बायको कण्हत होती, पाणी वाढत होतं, आणि मिस्त्रीने सांगितलेलं माहीत असूनही त्याने जोर दिला. त्याला मी दोष देणार नाही, कुणीही देऊ नये. खालून बंदुकीसारखा आवाज झाला. मग इंजिन नुसतंच गर्जायला लागलं. मागची चाकं मेली होती. पुढची दोन ओल्या धोंड्यावर फिरत राहिली, आणि तुटलेला दांडा खाली दगडांत अडकून प्रत्येक धक्क्याला घण मारल्यासारखा वाजत होता.

दादाने इंजिन बंद केलं. "गेला," म्हणाला.

गाडीची फळी कोरडी होती. आठ इंचांमुळे कोरडी होती, हेही सांगितलंच पाहिजे. आम्ही पाण्याच्या वर, कोरडे, अडकून बसलो होतो.

दादा कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि वहिनीला पाठीवर घ्यायला गाडीला टेकून उभा राहिला. पण ती होती कुठे आणि त्याची पाठ होती कुठे. मध्ये पाय ठेवायला काही नव्हतं. मी वरून तिच्या काखेत हात घालून तिला खाली सोडत होतो, माझे हात ओले होते, गाडी झुकलेली होती. ती निसटली. मोठ्या टायरवर ती कमरेतून आदळली आणि मग पाण्यात गेली. दादाने तिला धरली. ती ओरडली नाही. मला वाटतं तिला तेव्हाच कळलं होतं.

आम्ही तिला गावाच्या काठावर घेतलं. गावातल्या काही बाया धावत आल्या, एकीने आपल्या घरचं लुगडं आडोशाला धरलं. काही लांब उभ्या राहिल्या. मुलगी झाली. रडली नाही. सुईणीने तिला पालथी धरली, पाठ चोळली, पाय धरून हलवली, आणि मग लुगड्यात गुंडाळून खाली ठेवली. बैलगाडीतून सडकेपर्यंत, तिथून टेम्पोतून दवाखान्यात पोचलो, तोवर वाचवायची फक्त वहिनी उरली होती. ती त्यांनी वाचवली.

जीप चार दिवस ओढ्यात उभी होती. पाणी उतरल्यावर बागाईतदाराने आपला ट्रॅक्टर पाठवला आणि ती ओढून काढली. तो स्वतः काठावर उभा होता, पण एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

मला दुसरं काय येत होतं? मी पत्रक लिहिलं. 'सरकारने घेतलेला बळी!' खरं होतं, आजही म्हणतो. पूल असता तर ती मुलगी आज शाळेत जायच्या वयाची झाली असती. पत्रक छापून आल्यावर एक प्रत चुलीपाशी पडली होती. वहिनी सातवी शिकलेली. तिने ती उचलून शेवटपर्यंत वाचली, मागची बाजूही उलटून बघितली.

"ह्याच्यात आठ इंच कुठं हाय?" ती म्हणाली.

तिने पत्रक घडी करून माझ्या हातात दिलं.

संक्रांतीनंतरच्या सभेला ती आली. याआधी ती सभेत कधी बोलली नव्हती. जॉइंट नवा घालायचा का, यावर चर्चा चालली होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, गाडी खाली करा. होती तशी. जुने टायर लावा. लोक एकदम बोलायला लागले. पूल होईपर्यंत तरी राहू दे, पुढच्या हस्तात कुणाला न्यायचं झालं तर काय, तुझं दुःख आम्हाला समजतं पण वस्तीचा विचार कर. हे सगळं रास्त होतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"गाडी हाय तवर पूल न्हाई," ती म्हणाली. "सायबानं लिवलंय ते. मी न्हाई."

कुणीतरी सवयीने म्हणालं, मग मतदान घेऊ. दादा उठला. "हात वर करायचे ते मोजून एकदा झाले," म्हणाला. मतदान झालं नाही. दुसऱ्या दिवशी दादा गाडी ट्रकच्या मागे बांधून नगरला घेऊन गेला, मी बरोबर गेलो. मिस्त्रीला आम्ही काही सांगितलं नाही, पण तुटलेला जॉइंट हातात घेऊन त्याने दादाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण होतं गाडीत?" दादाने सांगितलं. मिस्त्री गाडीखाली शिरला. त्याने बोल्ट सोडले, ठोकळे काढले आणि एकेक करून माझ्या हातात दिले. लीडर म्हणाला नाही.

पुढचा पावसाळा आम्ही पुन्हा बाजेवर काढला. वस्तीत एक पोटुशी होती, तिला पोळ्याआधीच माहेरी धाडलं. एका म्हाताऱ्याला चौघांनी खांद्यावरून पलीकडे नेलं. त्या वर्षी कुणी दगावलं नाही. दगावलं असतं तर लोकांनी वहिनीचं नाव घेतलं असतं, आणि तिला ते माहीत होतं. हस्त संपेपर्यंत ती रोज सकाळी ओढ्यावर जाऊन पाणी बघून यायची.

त्याच हस्तात साहेब पुन्हा आले. कसे आले ते सांगत नाही. एवढंच सांगतो की अर्जांवर यावेळी माझी सही नव्हती, वस्तीतल्या सगळ्या बायांच्या सह्या आणि अंगठे होते. तेच साहेब, तोच कारकून. पाणी मांडीला लागत होतं. आम्ही तिघे आधीच चालत पलीकडे, गावाच्या काठावर गेलो होतो. जीप सहा-सोळाच्या टायरवर आमच्या काठाला उभी होती, तिथून लहान दिसत होती. वहिनी स्टूल घेऊन आली होती आणि त्याच्यावर बसली होती.

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. "ती तुमची उंच गाडी कुठे आहे?"

दादाने बोट दाखवलं. साहेब म्हणाले, खाली का केलीत, छान होती की. दादाने खिशातून किल्ली काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "आना तुमी. चालत जावा आन् घेऊन या." साहेबांनी किल्ली घेतली नाही.

वहिनी उठली. लुगडं खोचलं आणि पाण्यात गेली, गुडघ्यापर्यंत, मग थोडी पुढे. तिथून वळून उभी राहिली.

"या, सायेब."

कारकून म्हणाला, बाई, साहेबांना काय सांगताय. ती त्याच्याकडे बघत नव्हती. मला बोलावंसं वाटत होतं, जिभेवर पाच-सहा वाक्यं आली होती. मी ती गिळली. त्या दिवशी मी केलेलं काम तेवढंच. साहेबांनी बूट काढले, मोजे काढले, कारकुनाच्या हातात दिले आणि पाण्यात पाय घातला. दहा-बारा पावलं गेले. ओढीने एकदा तोल गेला, दादाने दंड धरला. तिथून ते मागे फिरले. पँट मांडीपर्यंत भिजली होती.

काठावर आल्यावर त्यांनी स्टुलावर बसून गुडघ्यावर फाईल घेतली आणि लिहिलं. लिहून झाल्यावर वहिनी म्हणाली, "वाचा."

त्यांनी वाचलं. पावसाळ्यात वाहन जाऊ शकत नाही, पायी जाणे धोक्याचे आहे.

"तारीख घाला."

त्यांनी तारीख घातली.

पूल अजून झालेला नाही. यंदा उन्हाळ्यात माणसं येऊन दोन्ही काठांवर चुन्याच्या रेघा मारून गेली, त्या पहिल्याच पुरात धुऊन गेल्या. वहिनी म्हणते, पुन्हा मारायला लावू. ठोकळे माझ्या खोलीत आहेत. पत्रकांचे गठ्ठे वाऱ्याने उडू नयेत म्हणून मी ते त्यांच्यावर ठेवतो.